एकोणीस बंद दारं

आमच्या कार्यालयात त्यांना टकटकबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावरच. पाहणी खात्यात प्रगणक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं लोकांची दारं वाजवली. किती दारं झाली असतील याचा मी एकदा अंदाज काढला होता. बेचाळीस हजारांच्या आसपास निघाली. मोठ्या कौतुकाने त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी विचारलं, "उघडलेली धरलीत, का न उघडलेलीही?"

मी उघडलेलीच धरली होती.

मी टेबलावर बसून आकडे लावणारा माणूस. लिहायची सवय नाही, आणि हे नीट उतरेल अशी खात्रीही नाही. पण बाईंची भाची त्यांची जुनी वही माझ्याकडे देऊन गेली आहे, आणि ती वही ज्या कपाटात आहे त्याच्याकडे पाठ करून मला बसवत नाही. म्हणून जमेल तसं लिहितो.

बाई ठेंगण्या, हडकुळ्या, चालायला चपळ. लग्न केलं नाही. बहीण लवकर गेली, तिची मुलगी त्यांनी वाढवली. दार वाजवायची त्यांची रीत ठरलेली होती. तीन टकटक, मग दोन पावलं मागे. आतल्या माणसाने खिडकीतून किंवा फटीतून पाहिलं तर आपले दोन्ही हात दिसले पाहिजेत, असं त्या म्हणत. दार उघडेपर्यंत घरात डोकवायचं नाही, नजर चपलांवर ठेवायची. चपलांवरून त्या घरातली माणसं मोजत. एकदा एका घरमालकाने तिघेच राहतो म्हणून सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "मग हा चौथा जोड ठेवून पाहुणे अनवाणी गेले वाटतं?" तो हसला आणि खरं सांगून मोकळा झाला.

तक्त्यातले प्रश्न त्या कधी पाठ म्हटल्यासारखे विचारत नसत. "माहीत नाही" या चौकटीत खूण करण्याआधी मनातल्या मनात दहा मोजत. दहाच्या आत माणूस बहुतेक वेळा बोलतो, असा त्यांचा अनुभव. सगळ्यांत अवघड प्रश्न दोन होते, आणि ते लागोपाठ येत: मुलं किती झाली, आणि आता किती आहेत. दुसरा प्रश्न विचारताना त्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत. "दोन आकड्यांत अंतर असलं ना मास्तर," त्या मला सांगत, "तर त्या अंतरात बाईच्या तोंडाकडे बघायचं नसतं."

मला त्या मास्तर म्हणत. मी कुणाला काही शिकवलं नव्हतं. फळ्यावर सूत्रं लिहीत असे, एवढ्यावरून.

त्यांच्या नोकरीच्या आठव्या वर्षी दोन वस्त्यांची पाहणी निघाली. वरच्या वस्तीला नव्या टाकीचं पाणी जाई, खालच्या वस्तीला जुन्या टाकीचं. खालच्या वस्तीतली तान्ही मुलं जास्त दगावतात, अशी कुजबुज होती. नुसत्या कुजबुजीवर टाकी बंद करता येत नाही. तेव्हा ठरलं की मागच्या तीन वर्षांत जिथे मूल जन्मलं अशा घरांची यादी करायची, प्रत्येक वस्तीतून तीनशे घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, आणि किती घरांत मूल वर्षाच्या आत गेलं ते विचारायचं. खालची वस्ती टकटकबाईंकडे आली.

सूचनापत्रक मी तयार केलं. त्यात एक कलम होतं: घर दोन भेटींत बंद आढळल्यास ते सोडून यादीतलं पुढचं उघडं घर घ्यावं. मला तीनशे हवे होते. घरं कमी पडली की अंदाजाचा पट्टा रुंद होतो, आणि रुंद पट्ट्यातून काहीच हाती लागत नाही. तीनशेपेक्षा एकही कमी नको, याचीच मला काळजी. ते तीनशे कोण, याची काळजी मी केली नाही. टेबलावरून सगळी घरं सारखीच दिसतात.

तिसऱ्या आठवड्यात बाई कार्यालयात आल्या. उन्हाने चेहरा रापलेला, टाचा फुटलेल्या.

"मास्तर, एकोणीस घरं बंद आहेत. दोन-दोनदा गेले."

"मग पुढची घ्या. पत्रकात लिहिलंय."

"तिसऱ्यांदा जाऊन बघू का? शेजारचे म्हणतात, कुणी माहेरी गेलंय, कुणी घरच सोडलंय. नवऱ्यांना शोधलं तर—"

"बाई, मुदत सोमवारची आहे. तीनशे भरा."

शिपाई दारात उभा होता. तो म्हणाला, "टकटकबाई, कुणी उघडत नसेल तर आमच्याकडे या. मी एकटा तीनशे जणांची माहिती देतो."

सगळे हसले. बाईही हसल्या. जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "एक घर आहे, एकशे अठरा नंबरचं. त्याला कुलूप नाही. आत पाण्याचा आवाज येतो. भांडं भरतं, ओतलं जातं, पुन्हा भरतं. मी वाजवलं की आवाज थांबतो. मी दोन पावलं मागे झाले की पुन्हा सुरू. त्याचं काय लिहू?"

तक्त्यात दोनच चौकटी होत्या, उघडं आणि बंद. मी छापून घेतल्या होत्या.

"बंद लिहा," मी म्हणालो.

त्यांनी बंद लिहिलं.

आकडे आले. खालच्या वस्तीत तीनशे घरांपैकी सत्तावीस घरांत मूल गेलेलं, वरच्या वस्तीत तीनशेपैकी सोळा. डोळ्यांना फरक दिसतो. पण आमच्या शास्त्रात डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत. चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या तर आकडेही थोडे वेगळे आले असते, म्हणून आम्ही फरकाभोवती एक पट्टा काढतो. त्याला विश्वास-अंतराल म्हणतात. असे पट्टे शंभरदा काढले तर साधारण पंचाण्णव वेळा खरा फरक त्यांच्या आत असतो. माझ्या आकड्यांत फरक होता शंभरामागे साडेतीनहून थोडा जास्त, आणि पट्टा उणे अर्ध्यापासून पावणेआठपर्यंत पसरलेला. म्हणजे शून्य पट्ट्यात होतं. अगदी कडेला, उंबऱ्यावर उभं राहिल्यासारखं, पण आत.

बाई माझ्या टेबलाशी उभ्या राहून ते बघत होत्या.

"शून्य आत आहे म्हणजे काय?"

"म्हणजे फरक नाही असं आपण आधी धरून चालतो. त्याला शून्य गृहीतक म्हणतात. ते खोटं ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही."

"म्हणजे पुरावा आणायचा तो फरकाने. 'फरक नाही' याच्याकडे कुणी पुरावा मागत नाही?"

"पद्धत तशी आहे."

"बरी आहे की पद्धत. आरामात बसून राहायचं, आणि समोरचा धापा टाकत येतो." मग जरा वेळाने, "आणि त्या पाच वेळा? शंभरात पाच वेळा पट्टा चुकतो म्हणालात. आपली वेळ त्या पाचांतली आहे का, हे कसं कळतं?"

"कळत नाही."

"मग झोप कशी लागते तुम्हाला?"

त्या वयात मला झोप चांगली लागत असे.

अहवालात मी लिहिलं होतं: "या पाहणीवरून दोन्ही वस्त्यांमध्ये फरक आहे असे ठामपणे म्हणता येत नाही." साहेबांनी ते वाचलं, लांबलचक आहे म्हणाले, आणि लाल शाईने छोटं केलं: "दोन्ही वस्त्यांमध्ये फरक नाही." ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिल्यात आपलं अज्ञान आहे, दुसऱ्यात ज्ञान. मी दोनदा साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. वाजवलं नाही.

जुनी टाकी पुढे पाच वर्षं चालू राहिली. मग गळते म्हणून पाडली. तिच्या तळाशी काय निघालं याच्या गोष्टी लोक सांगत. त्या मी इथे लिहीत नाही; मी त्या मोजलेल्या नाहीत.

बाईंचं काम तसंच चालू राहिलं. बाहेरून बदल एवढाच दिसे की कार्यालयातल्या मोरीचा नळ कुणी सोडला की त्या बोलता बोलता थांबत. भांडं भरण्याचा आवाज सुरू झाला की मान किंचित वळे. ओतल्याचा आवाज आला की डोळे मिटत. एकदा भाचीने मला सांगितलं, "मावशी घरात बादली भरू देत नाही. धार नळाखालच्या फडक्यावर सोडायची, आवाज येता कामा नये." मी म्हटलं, वय झालं की माणसं आवाजाला चिडतात. भाची माझ्याकडे बघत राहिली. त्या वेळी बाई पंचेचाळीसच्याही नव्हत्या.

निवृत्त होताना सगळे कागद जमा करायचे असतात. बाईंनी ते केले. एक कागद मात्र ठेवून घेतला. त्या यादीतली ती एकोणीस घरं.

त्यानंतर सहा वर्षांनी, एका दुपारी, माझ्या दारावर तीन टकटक झाल्या. मी उठून दार उघडेपर्यंत बाई दोन पावलं मागे उभ्या होत्या, हात समोर. चेहरा पांढुरका पडला होता. एकच जिना चढून धाप लागली होती.

"बसा. पाणी देऊ?"

"नको. आकडे लावून द्या."

त्यांनी वही उघडली. निवृत्तीनंतर सहा वर्षं त्या ती एकोणीस घरं शोधत होत्या. नुसत्या खालच्या वस्तीत नाही. माणसं कुठे कुठे गेली होती. कुणी दुसऱ्या गावात, कुणी मुलीकडे, कुणी कुठेच नाही. त्यांनी जुने शेजारी गाठले, शेजाऱ्यांवरून नातेवाईक, नातेवाइकांवरून पत्ते. चौदा घरं सापडली होती. प्रत्येकाचं पान वेगळं. पहिल्या ओळीत कुलपाचं वर्णन: पितळी, मोठं. गंजलेलं, तारेने बांधलेलं. कुलूप नाही, नुसती कडी. एकोणतीस वर्षांपूर्वीची कुलपं त्यांना पाठ होती.

"चौदांपैकी सहा," त्या म्हणाल्या. "सहा घरांत मूल गेलं होतं. म्हणूनच बंद होती. बाई माहेरी निघून गेलेली, नवरा सकाळीच कुलूप लावून कामावर. कुणाला त्या घरात राहवत नव्हतं. वरच्या वस्तीत तीनच घरं बंद होती, तीही मी शोधली. तिथे कुणी गेलेलं नव्हतं. मला उद्या कुणी म्हणायला नको की एकाच बाजूची दारं वाजवली."

"आणि एकशे अठरा?"

त्यांनी पान उलटलं. वाचलं नाही, तोंडानेच सांगितलं.

"त्या घरातली बाई आता थोरल्या मुलाकडे असते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, तुम्ही आला होतात. फटीतून तुमचे हात दिसत होते, हातात कागद होता. त्याच्या आठवडाभर आधी एक माणूस असाच कागद घेऊन आला होता, मुलीच्या मृत्यूचा दाखला द्यायला. म्हणून उघडलं नाही, म्हणाली. मी पाण्याचं विचारलं." बाई थांबल्या. मला वाटलं, दहा मोजत आहेत. "म्हणाली, टाकीचं पाणी आलं की मी भांडं भरायचे आणि मोरीत ओतायचे. पाणी असेपर्यंत दिवसभर. वाटायचं, जेवढं मी ओतेन तेवढं तरी दुसऱ्या कुणाच्या घरात जाणार नाही."

आत माझ्या स्वयंपाकघरात नळ बंद होता, तरी मी उठून तो घट्ट करून आलो.

"मला एवढंच सांगा मास्तर. मी त्या दारांशी अजून थोडी थांबले असते, तर उत्तर बदललं असतं का? हो की नाही. ते कळल्याशिवाय मला जायचं नाही." कुठे जायचं नाही हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या पिशवीत दवाखान्याचा लांबट लिफाफा होता. तो मला दिसला.

मी कागद घेतला. चौदा घरांच्या जागी जी बदली घरं घेतली होती, त्यांचीही नोंद वहीत होती; त्यांच्यात मिळून एकच मूल गेलेलं. ते सत्ताविसांतून वजा केलं, सहा मिळवली. बत्तीस. पाच घरं सापडली नव्हती, तिथे बदली घरंच ठेवली. वर सोळाचे सोळा. फरक शंभरामागे पाचाच्या वर गेला. वर्गमूळ मी दोनदा काढलं.

पट्टा एकपासून सुरू होत होता आणि साडेनवाच्या थोडा पुढे संपत होता. शून्य बाहेर होतं.

पेन्सिल तशीच धरून मी बसून राहिलो. "तेवढ्याने काही बदलत नाही" असं म्हणणं सोपं होतं, आणि त्यासाठी कारणंही खरीच होती. एकोणतीस वर्षांनी विचारलेली माहिती पाहणीत धरत नाहीत. विचारणाऱ्या बाईला उत्तर कोणतं हवं हे आधीच माहीत असलं तर ती विचारणी निर्मळ राहत नाही. आणि टाकी हेच कारण, हे तर हा पट्टा सांगतच नाही. कुठल्याही परीक्षकाने ती वही बाजूला सारली असती. मी हे सगळं जुळवत होतो आणि बाई माझ्याकडे न बघता माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होत्या.

तेव्हा कळलं, की त्या मला अवघड प्रश्न विचारत आहेत.

"बदललं असतं," मी म्हणालो. "शून्य बाहेर पडतं. साहेबांना तसं लिहिता आलं नसतं."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पदराने वहीचं पान पुसलं, त्यावर काही नसताना.

"पण तुम्ही थांबायला तयार होतात," मी म्हणालो. "तिसऱ्यांदा जाऊ का, म्हणून तुम्ही विचारलं होतंत. तुम्ही विसरला असाल. नाही म्हणालो तो मी. पुढचं घर घ्या हे कलमही माझंच. ते साहेबांचं नव्हतं, वरून आलेलं नव्हतं. उघडं आणि बंद या दोन चौकटीही माझ्याच. एकोणतीस वर्षं तुम्ही हे स्वतःच्या अंगावर घेतलंत, आणि मी घेऊ दिलं."

"कलम तुमचं ते मला माहीत होतं. पत्रकाखाली सही होती की तुमची."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"दहा मोजत होते," त्या म्हणाल्या आणि खरंच हसल्या. "जरा जास्तच मोजले."

मग म्हणाल्या, "तुमचं कलम होतं, खरं. पण मास्तर, त्या दाराशी पाय माझे होते. 'बंद' लिहिलेला हात माझा होता. तो आवाज तुम्ही ऐकला नाहीत, मी ऐकला. तुमच्या वाट्याचं तुम्ही घ्या, माझं माझ्याकडे राहू द्या. उगाच सगळं एकट्याने नेऊ नका."

जाताना त्यांनी पाणी मागितलं. मी पेला भरू लागलो तसे त्यांचे डोळे मिटले, पण पाणी त्या सगळं प्यायल्या.

पुढच्या दोन महिन्यांत त्या गेल्या. भाची वही घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मावशी म्हणाली, पाच राहिलीत, मास्तरांना सांग. नुसतं एवढंच."

पाच घरांनी आता कशाचंच काही होणार नाही. टाकी नाही, साहेब नाहीत, पट्टा थोडा इकडे सरकेल किंवा तिकडे. हे मी भाचीला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो मामा," आणि वही टेबलावर ठेवून निघून गेली.

हल्ली मला झोप चांगली लागत नाही. डोळा लागायच्या सुमाराला भिंतीपलीकडे कुठेतरी भांडं भरतं. मी कानोसा घेतला की थांबतं.

गेल्या मंगळवारी सकाळी मी यादीतलं पंधरावं घर शोधत गेलो. बाईंनी पत्ता अर्धवट मिळवून ठेवला होता. उरलेला मी तीन ठिकाणी विचारून पुरा केला. आयुष्यात मी कामासाठी एकही दार वाजवलेलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला एक अरुंद घर, हिरवा रंग उडालेलं दार, कुलूप नाही. बाहेर बायकी चपलांचा एकच जोड. मी तीनदा टकटक केली आणि दोन पावलं मागे सरलो. हातात वही होती. ती मी खाली पायाशी ठेवली आणि दोन्ही हात समोर धरले.

आत कुणीतरी चालत आलं. दारापाशी थांबलं. फटीतला उजेड गेला आणि बराच वेळ गेलेलाच राहिला. मी दहा मोजले, मग शंभर. मग पावलं परत गेली.

मी वही उचलली. पंधराव्या पानावर बाईंनी जुन्या घराच्या कुलपाचं वर्णन आधीच लिहून ठेवलं होतं: "साधं, लोखंडी." त्याखाली मी लिहिलं: "आत कुणीतरी आहे. उघडलं नाही. पुन्हा यायचं."